भेटीची कलमं, दिवाळीच्या आधी

पितृपक्ष चालू आहे. सहामाही परीक्षा आणि तिच्यामागून येणारी दिवाळीची सुटी दिसू लागली की कुटुंब न्यायालयात सुटीत मुलांना भेटण्याचे अर्ज पडायला लागतात. घटस्फोटाला दोन-तीन वर्षं झालेली, दोघंही आपापल्या जागी समंजस, तरी भांडण ठरलेलं. मूळ बहुतेकदा कन्सेंट टर्म्समधल्या, म्हणजे दोघांनी मान्य करून कोर्टात दिलेल्या अटींमधल्या, एका ओळीत असतं: 'वडिलांना सोयीनुसार मुलाला भेटता येईल.' सोय कुणाची, ते लिहिलेलं नसतं.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब खाली परस्परसंमतीच्या घटस्फोटाचा अर्ज करताना सगळा जीव पोटगी, फ्लॅट आणि स्त्रीधनात अडकलेला असतो. मुलाचा परिच्छेद शेवटी चार ओळींत उरकतात. पैशाचा हिशेब एकदा मिटला की मिटला. हा परिच्छेद मात्र मूल १८ वर्षांचं होईपर्यंत दर आठवड्याला वापरायचा असतो.

दिवाळीचंच घ्या. 'सुटीचा पहिला अर्धा भाग आईकडे, दुसरा वडिलांकडे' हे ऐकायला न्याय्य वाटतं. पण लक्ष्मीपूजन कुठल्या अर्ध्यात येणार, हे शाळेनं सुटी कधी लावली त्यावर ठरतं, आणि पंचांग दरवर्षी हलतं. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे १४ सप्टेंबरला. म्हणून इंग्रजी तारखा घालू नयेत, तिथी घालावी. सण आधी वाटावेत, सुटी मागून. सम वर्षी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एका घरी, पाडवा-भाऊबीज दुसऱ्या घरी. विषम वर्षी उलट. नात्यातली भावंडं एकाच बाजूला असतील तर भाऊबीज कायमची त्या घराला देऊन टाकावी, बदल्यात दुसरा सण घ्यावा. घरचा गणपती कोकणात असेल तर जायचा आणि यायचा दिवसही वाटणीत धरावा, नाहीतर दीड दिवसाच्या गणपतीतला अर्धा दिवस रस्त्यातच जातो.

उरलेली सुटी शाळेच्या परिपत्रकावरून मोजायची: शेवटच्या दिवशी शाळा सुटल्यापासून, पुन्हा भरण्याच्या आदल्या संध्याकाळी ६ पर्यंत. दिवस विषम आले तर मधल्या दिवशी दुपारी १२ ला मूल दुसऱ्या घरी. एवढं बारीक लिहिताना वकीलसुद्धा कंटाळतात, पण ऐन धनत्रयोदशीला वाद घालण्यापेक्षा हे बरं.

मूल हातात द्यायची जागा ही दुसरी दुखरी नस. बिल्डिंगच्या गेटवर दिलं-घेतलं की आजी, शेजारी, वॉचमन सगळे प्रेक्षक. शाळकरी मुलासाठी मला शाळाच उत्तम वाटते: शुक्रवारी शाळेतून एकानं न्यायचं, सोमवारी सकाळी त्यानंच शाळेत सोडायचं. आईवडील समोरासमोर येतच नाहीत. मात्र त्यासाठी मुलाला न्यायच्या ओळखपत्रावर दोघांची नावं हवीत, आदेशाची प्रमाणित प्रत मुख्याध्यापकांकडे हवी आणि व्हॅनवाल्या काकांना शुक्रवारचं आधी सांगून ठेवायला हवं. गणवेशाचे दोन जोड लागतात, एकेक घरी. नाहीतर सोमवारी पीटीचे पांढरे बूट नेमके दुसऱ्या घरी राहतात आणि शिक्षा पोराला होते.

मूल आजारी असेल तर औषधाबरोबर चिठ्ठी द्यावीच. तापाचं पॅरासिटामॉल सिरप आपल्याकडे ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचंही मिळतं आणि २५० चंही. 'पाच मिली दिलंय' हा निरोप त्यामुळे अर्धवट आहे. बाटलीवरची ताकद, किती मिली आणि शेवटचा डोस किती वाजता, या तिन्ही गोष्टी कागदावर हव्यात. दोन डोसांत किमान ४ तासांचं अंतर लागतं आणि भेटीची वेळ नेमकी त्या मध्यावर येते. आजारपणात चुकलेली भेट कधी भरून द्यायची, तेही ठरवून ठेवावं. पुढचा शनिवार-रविवार सोयीचा पडतो.

व्हिडिओ कॉलसाठी वार आणि वेळ ठरवावी. चार वर्षांच्या पोराला दहा मिनिटं खूप झाली. दुसऱ्या पालकानं तेवढ्यापुरतं दुसऱ्या खोलीत जावं.

दोन गैरसमज काही केल्या जात नाहीत. पाच वर्षं पूर्ण झाली की ताबा आपोआप वडिलांकडे जातो, हा पहिला. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यातलं कलम ६ पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहील एवढंच म्हणतं. पुढे निर्णय मुलाच्या हिताचा, वाढदिवसाचा नव्हे. दुसरा, पोटगी थकली म्हणून भेट बंद करता येते, किंवा भेट मिळत नाही म्हणून पोटगी थांबवता येते. दोन्ही आदेश स्वतंत्र आहेत. थकबाकीसाठी वसुलीचा अर्ज, अडवलेल्या भेटीसाठी अंमलबजावणीची दरखास्त. परस्पर हिशेब करणाऱ्याची बाजूच पुढे कोर्टात लंगडी पडते.

आणि पासपोर्ट. मुलाच्या अर्जाला सही दोघांची असेल तर परिशिष्ट ड (Annexure D) जोडायचं, एकाची संमती मिळत नसेल तर क (Annexure C). संमती किती दिवसांत द्यायची हे टर्म्समध्येच घालावं. परदेश प्रवासासाठी महिनाभर आधी लेखी कळवणं, परतीचं तिकीट आणि तिथला पत्ता मागून घ्यावा. मुलं परत आणण्याच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही. त्यामुळे मूल तिकडेच ठेवून घेतलं तर त्या करारातली परत पाठवण्याची वाट आपल्याला मिळत नाही, तिथल्या कोर्टात नव्यानं उभं राहावं लागतं.