शेकडा एक तूट

पुण्यातील एका रुग्णालयात मी दर आठवड्याला ख्रिस्ती रुग्णांना भेटायला जातो. प्रार्थना करणे, शास्त्रपाठ वाचणे आणि बराच वेळ नुसते ऐकत बसणे, एवढेच पाळकाचे तेथील काम. त्या दिवशी कर्करोग विभागात एका निवृत्त भांडारपालांजवळ बसून मी बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानातले तिसऱ्या अध्यायाचे सोळावे वचन म्हणू लागलो, तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवले.

“पाळकसाहेब, देवाने जगावर प्रीती केली हे लहानपणापासून पाठ आहे. पण हे सगळ्या खात्यांना निघालेल्या परिपत्रकासारखे झाले. त्यात माझे नाव कुठे?”

मी बायबलमधलेच प्रेषित पौलाचे गलतीकरांस पत्र उघडले. दुसऱ्या अध्यायाच्या विसाव्या वचनात पौल चक्क एकवचनात बोलतो : देवाच्या पुत्राने ‘माझ्यावर’ प्रीती केली आणि ‘माझ्यासाठी’ स्वतःला दिले. त्याच पत्राच्या आरंभी आपण पूर्वी ख्रिस्ती मंडळीचा छळ करत होतो, हेही तो लिहून बसला आहे. काकांनी चष्मा लावून दोन्ही वचने स्वतः ताडून पाहिली.

“म्हणजे प्रीतीची नोंद आधीची, माणूस सुधारला नंतर?”

मी होकार दिला आणि लूकच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायातील हरवलेल्या मेंढराचा दाखला वाचला : शंभरांतले एक मेंढरू हरवते, आणि मेंढपाळ नव्याण्णव रानात सोडून त्याच्या शोधात निघतो. ते हसले. “आमच्याकडे शंभरात एक नग कमी भरला, तर तूट मंजूर करून खाते मिटवत.” या दाखल्यातला मेंढपाळ नेमके तेच करायचे नाकारतो, मेंढरू सापडेपर्यंत तो शोधत राहतो.

हे प्रेम व्यक्तिगत असले तरी खासगी मालकीचे नव्हे, असे मी मानतो. प्रभूने शिकवलेली प्रार्थना ‘आमच्या पित्या’ अशीच आहे. तरी एकवचनाची ओढ मराठी ख्रिस्ती माणसाला परकी नाही. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला वारकऱ्यांच्या जिव्हाळ्याने माउली म्हटले, ते काय उगाच?

काकांचा हिशेब मात्र संपला नव्हता. “रानात सोडलेल्या नव्याण्णवांचे काय?”

“त्यांतले कोणतेही हरवले असते, तरी तो निघालाच असता,” मी म्हणालो.

तेवढ्यात त्यांची मुलगी चहा घेऊन आली, आणि काकांनी तिला समोर बसवून सगळा दाखला आवक-जावकेच्या भाषेत पहिल्यापासून समजावून सांगायला सुरुवात केली.