जिग आधी उचला, लेथ राहू द्या

शर्यतीच्या गाड्या बांधणारा गाळा रिकामा करायचं ठरलं की भंगारवाला येतो, एकदा सगळीकडे नजर फिरवतो आणि जिगपाशी, म्हणजे गाडीची चौकट ज्यावर पकडून वेल्ड करतात त्या लोखंडी सांगाड्यापाशी, जाऊन उभा राहतो. त्याच्या हिशेबाने ते बरोबरच आहे. चार मीटरचे दोन बीम आणि सव्वा मीटरचे पाच आडवे, सगळे १५० मिमीच्या आय-सेक्शनचे, म्हणजे साधारण १४ मीटर लोखंड. मीटरला १५ किलो धरा. २१० किलो झालं, वरचे खांब आणि ब्रॅकेट वेगळे. मोटर सोडवायला नको, तांबं निवडायला नको, गॅस कटर लावला की माल टेंपोत. घरची माणसं तेवढ्यात लेथच्या भावावरून घासाघीस करत असतात. मुंबईत जुना लेथ आज नाही तर उद्या मिळेल. ते जिग परत मिळणार नाही.

मातीवर पळणाऱ्या गाड्या बांधणाऱ्या मिस्त्रींचे गाळे का बंद होतात, हे इथे कोणाला सांगायला नको: पागडीची जागा, पुनर्विकास, मुलगा दुसऱ्या धंद्यात आणि मिस्त्रींचे गुडघे. त्यावर हळहळ पुष्कळ झाली. शटर ओढण्याआधीच्या पंधरा दिवसांत काय वाचवायचं, त्याबद्दल हे लिहितोय. तुमची गाडी अशा गाळ्यात बांधलेली असेल तर ते तुमच्याही कामाचं आहे.

नळ्यांची चौकट वेल्ड करताना नळ्या जागच्या हलू नयेत, एवढंच जिगचं काम आहे असं पुस्तकात असतं. गाळ्यातल्या जुन्या जिगचं काम त्याहून जास्त असतं. वेल्ड थंड होताना आकसतो आणि नळीला आपल्याकडे ओढतो. आधी सगळीकडे टाके (वेल्डचे छोटे ठिपके) मारून घेतले, मग आलटून पालटून समोरासमोरच्या बाजूंनी वेल्ड मारले, तरी थोडी ओढ राहतेच. म्हणून मिस्त्री पहिल्या दोन-तीन गाड्यांनंतर जिगवरचा ब्रॅकेट उलट्या बाजूला सरकवून ठेवतात. नकाशात ३०० मिमी असतं, जिगवर ३०२ असतं, आणि गाडी थंड होऊन खाली उतरली की माप ३०० येतं. ते दोन मिलिमीटर कुठेही लिहिलेले नसतात. पुढे कोणीतरी हुशार माणूस टेप लावतो, 'चूक' सापडल्याच्या आनंदात ब्रॅकेट ३०० वर आणतो, आणि मग पुढची चाकं सरळ का बसत नाहीत याचा शोध महिनाभर चालतो.

तेव्हा मापं घ्यायची ती मिस्त्री शेजारी उभे असतानाच. प्रत्येक पिनेपाशी (जिगवर नळी किंवा ब्रॅकेट जागेवर धरणारी ती पिन) एकच विचारायचं: हे असंच हवंय का मुद्दाम सरकवलंय? उत्तर खडूने तिथेच लिहायचं आणि फोटो काढायचा.

मापांची पद्धत साधी आहे, पण शॉर्टकट मारला तर फुकट जाते. आधी जिग पातळीत आहे का ते पाण्याच्या नळीने बघा. नळीत बुडबुडा राहिला तर दोन टोकांना खोटं माप येतं, म्हणून पाणी हळू भरा आणि नळी झटकून घ्या. पुढच्या एक्सलच्या मध्यावर पंच मारून तो शून्य धरा. तिथून मागेपर्यंत नायलॉनची दोरी ताणून मध्यरेषा काढा, ओळंबा सोडून ती बीमवर उतरवा. मग प्रत्येक पिनेची तीन मापं घ्या: शून्यापासून लांबी, मध्यरेषेपासून आडवं अंतर, बीमच्या माथ्यापासून उंची. एका पिनेपासून दुसरी, दुसरीपासून तिसरी असं मोजत गेलात आणि दर वेळी अर्धा मिलिमीटर चुकलात, तर दहाव्या पिनेला पाच मिलिमीटरची गफलत. प्रत्येक माप शून्यापासूनच हवं.

सगळ्यात जास्त नुकसान सोडवताना होतं. खांब बहुधा १२ मिमीच्या बोल्टने बसवलेले असतात आणि बोल्टची भोकं साडेतेरा-चौदाची असतात. बोल्ट सैल केला की दीड-दोन मिलिमीटर कुठेही जाऊ शकतात. सगळं नकाशाबरहुकूम परत जुळवलं तरी मिस्त्रींचे ते ३०२ गेले. म्हणून एकही बोल्ट सैल करण्याआधी प्रत्येक खांबाच्या पायाला तिरक्या दोन कोपऱ्यांत ७.८ चं ड्रिल, मग ८ मिमीचा रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) मारायचा आणि ८ ची डॉवेल पिन (जागा पक्की करणारी घट्ट बसणारी पिन) ठोकायची. खांबावर आणि बीमवर नंबर-पंचाने एकच आकडा उमटवायचा. मार्करवर विश्वास ठेवू नका, एका पावसाळ्यात पुसला जातो. वीस खांबांना एक दिवस लागतो. वीज तोडायचा अर्ज या दिवसानंतर द्या, आधी नाही.

तळाची चौकट वेल्ड केलेली असेल तर ती कापू नका. चार मीटरची चौकट टेंपोत जाते, जास्तीत जास्त मागून फूटभर बाहेर राहील. कापून परत जोडलेली चौकट ही नवीन चौकट असते, आणि तिची ओढ नवीन असते.

एक फरक लक्षात ठेवा. अमेरिकेतले मातीचे ट्रॅक बहुतेक अंडाकृती. ओहायोतला १९५४ साली सुरू झालेला एल्डोरा अर्ध्या मैलाचा आहे. तिथे गाडी फक्त डावीकडे वळते. त्यामुळे मागच्या उजव्या टायरचा घेर डाव्यापेक्षा जास्त ठेवतात, वजन डाव्या बाजूला सरकवतात, आणि मागच्या एक्सलचे लिंक पकडणारे ब्रॅकेट दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या उंचीवर असू शकतात. तिकडच्या नकाशावरून बनवलेलं जिग डावं-उजवं सारखं आहे का असं तपासलं तर ते बिघडलेलंच वाटेल. आपल्याकडच्या ऑटोक्रॉसला (मातीच्या वळणदार आखलेल्या मार्गावर घड्याळाविरुद्धची शर्यत) आणि रॅलीला गाडी दोन्हीकडे वळते, म्हणून आपलं जिग सममित असतं. तिथे कर्ण मोजून एक मिलिमीटरच्या आत जुळवणं हीच तपासणी. (टायरच्या घेराचा तो फरक इथल्या जिप्सीवर लावून बघणारेही आहेत. सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत राहते, बाकी काही होत नाही.)

मुंबईच्या गाळ्यांत पूर्ण नळ्यांच्या गाडीपेक्षा पद्मिनी आणि जिप्सीचं काम जास्त असायचं. पद्मिनी कुर्ल्यातच बनायची, १०८९ सीसी, पुढे विशबोन (चाक धरणारे त्रिकोणी हात) आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे (एकावर एक पट्ट्यांची स्प्रिंग). जिप्सी १९८५ ची, पुढे-मागे दोन्हीकडे पाटे. या गाड्यांसाठी मोठं जिग नसतं. शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे वरचे ब्रॅकेट, इंजिन माउंट, पाट्यांचे हँगर यांची छोटी छोटी जिग असतात, भिंतीवर खिळ्याला टांगलेली. दिसायला ती भंगारासारखीच. प्रत्येकावर गाडीचं नाव आणि बाजू लिहून घ्या. न लिहिलेलं डावं जिग उजव्याला उलटं बसतं आणि भोक पाव इंच चुकतं.

मग वही. मिस्त्रींची वही नसते असं म्हणतात, पण ती असते: कॅलेंडरच्या मागे, कपाटाच्या दारावर, सिगरेटच्या पाकिटावर. दाराचाही फोटो काढा. त्यात चारही चाकांखालचं वजन सापडलं तर ते सोनं. उजवं पुढचं अधिक डावं मागचं भागिले एकूण वजन, हा आकडा दोन्हीकडे वळणाऱ्या गाडीला ५० टक्क्यांच्या जवळ हवा. वजनं नसतील तर निदान पाट्यांची संख्या, प्रत्येक पात्याची जाडी आणि कुठे पॅकिंग घातलंय ते लिहून घ्या. कॉइलवरचे शिक्के पुसलेले असतील तर प्रेसमध्ये खाली वजनकाटा ठेवून दाबा. पहिले २५ मिमी सोडून द्या, कारण त्यात स्प्रिंग नुसती बसते. पुढच्या २५ मिमीला किती किलो वाढले, त्याला २५ ने भागा. शॉक उघडलेले असतील तर आतल्या चकत्या निघाल्या त्याच क्रमाने तारेत ओवा आणि चिठ्ठी बांधा. डिफ (डिफरन्शियल, वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) वेल्ड करून लॉक केलं असेल तर त्याच्या बाहेरच्या कवचावर तसं रंगाने लिहा. मातीत ते चालतं. डांबरावर वळताना टायर घसटतात आणि हाफ शाफ्ट (डिफपासून चाकापर्यंतचा दांडा) तुटू शकतो.

कोपऱ्यात उभ्या नळ्या बघून हात शिवशिवतात. फुकट मिळाल्या तरी सांभाळून. एफआयएच्या (मोटार शर्यतींची जागतिक संघटना) नियमात केजच्या, म्हणजे गाडी उलटली तर माणसाला वाचवणाऱ्या नळ्यांच्या पिंजऱ्याच्या, मुख्य कमानीला सीमलेस नळी ४५ × २.५ किंवा ५० × २.० मिमीची लागते, बाकीच्यांना ३८ × २.५ किंवा ४० × २.०. 'दीड इंची पाईप' म्हणून जो पाण्याचा पाईप मिळतो त्याचा बाहेरचा व्यास ४८.३ असतो, ३८ नाही, आणि तो बहुधा शिवणीचा असतो. आत टॉर्च मारून बघा, सरळ रेघ दिसली की केजसाठी बाद. शिवाय मुंबईत उभ्या ठेवलेल्या नळीचं खालचं फूटभर आतून गंजलेलं असतं. तेवढं कापून टाका. कोणत्या कारखान्याची, कोणत्या दर्जाची ते माहीत नसलेल्या नळीचे ब्रॅकेट करा, केज नको. फोडलेल्या पाकिटातली ७०१८ नंबरची वेल्डिंगची कांडी दमट हवेत पाणी पिते. भट्टीत व्यवस्थित भाजायची सोय नसेल तर फेकून द्या.

कागदांचं थोडक्यात. सिलेंडर डिपॉझिटच्या पावतीसह परत करा. कोणाच्या अर्धवट गाड्या पडल्या असतील तर आरसी बघितल्याशिवाय चेसिस भंगारात घालू नका. गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, मोटार वाहन कायद्याचं कलम ५५. चेसिस नंबर पंच केलेला तुकडा दुसऱ्याच गाडीत निघाला तर जाब मिस्त्रींना द्यावा लागतो.

नव्या जागेत जिग आधी तीन ठिकाणी टेकवा. चार पायांवर ठेवलं तर लादी जिथे खाली गेलीय तिथे चौकट पीळ घेते आणि ते डोळ्याला दिसत नाही. पातळी जुळली की बाकीच्या पायांखाली पत्र्याचं पॅकिंग घालून नुसतं टेकवा, ठोकू नका. कर्ण मोजा. आठवड्याने परत मोजा, नवी लादी बसते. आणि पॅकिंगच्या पत्र्यांवरही नंबर टाकून ठेवा.