भिंतीतली कामटी

चीनमधल्या शियामेन शहरातले दोन दिवस पाऊस आणि माझा शाकाहार यांतच गेले, ते सोडून देते.

तिसऱ्या दिवशी फुजियान प्रांताच्या डोंगरात त्यानलोखंग गावाला गेलो. एक चौकोनी, तीन गोल आणि एक लंबगोल असे पाच तुलौ, म्हणजे अनेक कुटुंबं एकत्र राहायची ते मातीचे मोठे वाडे, वरून बघायचे. चिनी लोक गमतीनं त्यांना ‘चार भाज्या, एक सूप’ म्हणतात. कठड्यापाशी ही रेटारेटी! सेल्फीकाठीनं डोळा फुटायचाच काय तो बाकी होता.

खाली तर आणखी विरस. तळमजल्यावर स्वयंपाकघरं, दुसऱ्यावर धान्य, त्यावर झोपायच्या खोल्या. कुटुंबाचा वाटा तळापासून छपरापर्यंत उभा. वाचून गेले होते सगळं. आता तिथल्या स्वयंपाकघरांची चहाची दुकानं झालीत. बळेबळे बसवतात, बोटभर वाट्यांतून चहा पाजतात आणि काही न घेता उठलात की तोंड पाडतात. जिन्यावर पर्यटकांना बंदी. एका बाईनं हळूच दहा बोटं दाखवली, म्हणजे दहा युआन. नवरा म्हणाला, “दे आणि जा.” मी तत्त्वाची! गेले नाही. अजून चुटपुट लागते.

धुसफुसत लंबगोल घराच्या मागे गेले. हे घर १९६६चं, माझ्या आईहून लहान. खाली दगडगोट्यांचं जोतं, वर मातीचे थर एकावर एक, रेघा सरळ मोजता येतील असे. एके ठिकाणी पापुद्रा सुटून बांबूची कामटी बाहेर आली होती. मी वाकून बघतेय तोवर एक आजोबा येऊन उभे राहिले. फोनवरच्या भाषांतरानं निम्मं सांगितलं, उरलेलं त्यांच्या हातांनी. फळ्यांचा साचा बांधायचा, ओलसर माती ओतायची, आत उभं राहून धुमसानं चोपायची, मध्ये कामट्या अंथरायच्या, साचा पुढे सरकवायचा. हे घर उभं राहिलं तेव्हा ते पोरगेलेसे होते, टोपल्या वाहायचे. कामटीवर बोट ठेवून म्हणाले, “हाड.”

मातीत आणखी काय घालायचे, मी विचारलं. फोन म्हणाला, “चिकट भात, लाल साखर.” मग आजोबा हसले. ते जुन्या घरांत म्हणे. आमच्या वेळी भात पोटालाच पुरत नव्हता.

मला आजोळचं माळवद आठवलं. आजी सांगायची, चुना दळायच्या घाणीत गूळ आणि बेलफळाचं पाणी घालायचे. तिथल्या पांढऱ्या मातीच्या भिंतींना मामानं मोठ्या हौसेनं सिमेंटचा गिलावा करून घेतला. आतली ओल बाहेर पडेना, आणि दोन पावसाळ्यांत तो मातीसकट फुगून पडला. इथे मात्र भिंत उघडीच आणि वर छपराच्या पागोळ्या भिंतीपासून चांगल्या लांब पडतील एवढी वळचण. हे मामाला कोण सांगणार?

बोलता बोलता मी कामटी नखानं उचकटू लागले होते. आजोबांनी हातावर फाटकन चापटी मारली.