तुम्ही विचारलंत म्हणून: पुढचे फोर्क घरी बदलता येतात का?

मोटरसायकल कुठेही उभी केली की कुणीतरी वाकून पुढचं चाक बघतं आणि विचारतं, हे फोर्क दुसऱ्या गाडीचे ना? घरीच बसवलेत? आम्हाला जमेल का? दरवेळी उभ्या उभ्या अर्धंमुर्धं उत्तर देतो आणि मग मनाला लागून राहतं, कारण पुढचं चाक हा अर्ध्या उत्तरावर सोडायचा विषय नाही. म्हणून एकदा नीट लिहितो. फोर्क म्हणजे पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरणारे दोन पाय.

जमेल. नट सोडायचे, जुने फोर्क उतरवायचे, नवे चढवायचे, हे काम एका रविवारचं आहे. माझे दोन महिने गेले ते त्याच्या आधी, व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, हातात घेऊन.

फोर्कला लोक घाबरतात, पण आत गूढ असं काही नाही. एक स्प्रिंग, तेल, आणि ते तेल दाबाने जावं म्हणून ठेवलेली छोटी भोकं. १९३५ च्या बीएमडब्ल्यू आर १२ ला तेलाच्या दाबावर चालणारे टेलिस्कोपिक फोर्क आले, तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे. अडचण फोर्कच्या पोटात नसते. ती असते तो जिथे गाडीला भेटतो तिथे.

माझ्या जुन्या फोर्कचे पाइप ३७ मिलिमीटरचे, नवे ४१ चे. म्हणजे जुन्या टीमध्ये (दोन्ही फोर्क वर आणि खाली पकडून ठेवणारा भाग) ते बसणारच नव्हते, टीसकट सगळं पुढचं अंग बदलायचं ठरलं. टी बदलली की तिचा दांडा बदलतो, आणि तो दांडा फ्रेमच्या पुढच्या नळीतून, वर-खाली एकेक बेअरिंग घेऊन जातो. नवा दांडा जाड होता आणि ४ मिलिमीटर लांब. इथे बरेच जण हात टेकतात. पण टेपर बेअरिंग आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी या मापांनी मिळतं. आतलं माप नव्या दांड्याचं, बाहेरचं माझ्या फ्रेमचं, असं शोधत गेलो आणि जोडी सापडली. जास्तीच्या लांबीसाठी खालच्या बेअरिंगखाली घालायची चकती लेथवर करून घेतली. घराबाहेर करून घेतलेलं काम एवढं एकच.

बाकी मापं पटापट सांगतो. चाकाच्या ॲक्सलची जाडी, चाक दोन्ही फोर्कच्या बरोबर मध्ये येतं का, ब्रेकची डिस्क तिला पकडणाऱ्या कॅलिपरच्या मधोमध फिरते का, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर त्याच्या रिंगचे दात तेवढेच आहेत का. एका कॅलिपरचे दोन होणार असतील तर हँडलवरचा, ब्रेकचं तेल ढकलणारा मास्टर सिलिंडरही त्या जोडीला शोभणारा घ्या. जुन्याचा पिस्टन लहान पडला तर लिव्हर पार हँडलला टेकेपर्यंत जातो.

आता गाडी उचलायची. ही पायरी मी सगळ्यात जपून करतो. पुढचं चाक आणि टी निघाली की सगळं वजन मागे आणि मध्ये राहतं, आणि टीच्या दांड्यात अडकवायचा स्टँड इथे उपयोगाचा नाही, कारण दांडाच काढायचा असतो. इंजिनखाली जॅक, मध्ये लाकडी फळी, आणि वरून दोन्ही बाजूंनी पट्टे बांधलेले. हलवून बघा, जोरात हलवा. खात्री पटली नाही तर त्या दिवशी काम करू नका. फोर्क खोलायचे असतील तर वरची टी सैल करून पाइपच्या तोंडावरचा टोपीनट आधीच थोडा सैल करून घ्या, खालची टी पाइप धरून असेपर्यंतच. नंतर सुटा पाइप हातात धरून तो नट हलत नाही. कॅलिपर नळीवर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा.

कोनसेटची, म्हणजे टीच्या दांड्याच्या बेअरिंगची, जुनी कडी निघाली तेव्हा तिच्यावर बोट फिरवलं. बारीक खड्डे, एकाशेजारी एक. हँडल सरळ असताना मधोमध एक खटका लागायचा, त्याचं कारण बोटाखाली होतं. नव्या कड्या रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवल्या, म्हणजे किंचित आकसतात, आणि जुनी कडी वर ठेवून हातोडीने फिरवून फिरवून ठोकल्या. आवाजाकडे कान ठेवा. कडी आत जात असते तोवर आवाज दबका येतो. तळाला टेकली की एकदम खणखणीत होतो. तो बदल ऐकू आला की हात थांबवायचा.

मग नट. आधी जरा जास्त आवळून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत आठ-दहा वेळा फिरवायचं, बेअरिंग जागेवर बसतात. नंतर सोडून परत हलका आवळायचा. चाक अधांतरी असताना हँडलला मधून बोटाने ढकलावं, ते कुठेही न अडखळता आपल्या वजनाने बाजूला पडलं पाहिजे. आणि फोर्क खालून धरून पुढे-मागे हलवले तर खट्‌ आवाज यायला नको.

आता ज्या चुकीमुळे हे सगळं लिहायला बसलो, ती. नवे फोर्क जुन्यांपेक्षा १८ मिलिमीटर आखूड होते. मला ते माहीत होतं. तरी हे फोर्क ज्या गाडीचे, तिच्यात पाइप वरच्या टीतून १२ मिलिमीटर वर काढलेले होते, म्हणून मीही तसेच ठेवले; माझे जुने मात्र टीच्या बरोबरीला होते. म्हणजे गाडी पुढून ३० मिलिमीटर खाली बसली. हँडलचा तिरका दांडा ज्या रेषेत आहे ती रेष मनाने जमिनीपर्यंत वाढवा; चाक जमिनीला टेकतं ते तिच्या थोडं मागे. या अंतराला ट्रेल म्हणतात, साधारण १०० मिलिमीटर असतं, आणि हात सैल सोडले तरी चाक सरळ राहू बघतं ते याच्यामुळे. माझ्या गाडीच्या मापात हिशेब केला तर ३० मिलिमीटरने दांड्याचा कोन सव्वा अंशाने उभा झाला आणि ट्रेल सुमारे सात मिलिमीटरने कमी. कागदावर क्षुल्लक वाटतं. रस्त्यावर गाडी वळणात आपणहून पडल्यासारखी जायची, आणि वेग वाढला की खडबडीत जागी हँडल हातात थरथरायचं. त्याच दिवशी परत येऊन पाइप वरच्या टीच्या बरोबरीला आणले. थरथर गेली. उरलेल्या फरकाने गाडी वळायला थोडी चपळ आहे, आणि तेवढी मला आवडते. टी वेगळी घेताय तर तिचा ऑफसेटही, म्हणजे दांडा आणि फोर्कचे पाइप यांच्यातलं पुढे-मागचं अंतर, मोजा: तो कमी झाला की ट्रेल वाढतो. पुष्कळांना हे उलटं वाटतं.

बसवून झालं की चाक जमिनीवर टेकवायच्या आधी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. माझ्या नव्या टीचे, हँडलचं वळणं थांबवणारे अडसर फ्रेमच्या अडसरांना भेटतच नव्हते, पाइप थेट टाकीला टेकत होता. बोल्टचे अडसर लावून ते थांबवलं. चालत्या गाडीत कळलं असतं तर हँडल आणि टाकीच्या मध्ये अंगठा असता. केबल आणि ब्रेकची नळीही तेव्हाच बघा, कुठे ताणतात का. ॲक्सल आवळल्यावर गाडी खाली घेऊन, पुढचा ब्रेक धरून फोर्क चार-पाच वेळा दाबा, आणि मगच ॲक्सलला फोर्कमध्ये चिमटून धरणारे चिमट बोल्ट आवळा, टॉर्क पान्याने (किती जोर लागतोय ते दाखवणारा पाना), मॅन्युअलमधल्या आकड्यावर. आधी आवळले तर फोर्क किंचित वाकडे पकडले जातात आणि अडकत चालतात.

करावं का, हेही विचारता. फोर्कचं तेल आणि सील तुम्ही स्वतः कधी बदलले नसतील तर आधी ते करा, आपल्याच जुन्या फोर्कवर. तेलाची पातळी स्प्रिंग काढून, फोर्क पूर्ण दाबून मोजतात; एकदा ते जमलं, योग्य तेल घातलं, की कित्येकांना नव्या फोर्कची गरजच राहत नाही. माझ्या जुन्यांचे पाइप वाकलेले होते, म्हणून मी इथवर गेलो.

पाचशे किलोमीटर झाल्यावर गाडी पुन्हा उचलली आणि फोर्क खालून धरून हलवले. बारीकसा खट्‌ होता. बेअरिंग बसले होते. नट थोडासा आवळला, परत हलवून बघितलं, आवाज नव्हता.