मुक्काम पोस्ट नाताळ

नाताळ घरातच साजरा करायचा असतो, अशी आम्हा मराठी ख्रिस्ती मंडळींची पक्की समजूत आहे. भिंतींना रंग द्यायचा, दारात चांदणी टांगायची, करंज्या-शंकरपाळ्यांचे डबे भरायचे आणि फराळाच्या ताटांवर विणलेले रुमाल टाकून ती शेजारीपाजारी पोचवायची, हा सारा खटाटोप घर गृहीत धरूनच चालतो. त्यामुळे पुण्यातला फ्लॅट भाड्याने देऊन आम्ही दोघे मुलांसह एका जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये राहू लागलो, तेव्हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न स्वयंपाकाचा किंवा आंघोळीचा नव्हता. ‘मग नाताळाला कुठे?’ असे त्यांनी विचारले. उत्तर सोपे होते. सोलापूर माझे माहेर; आई-वडिलांच्या पश्चात तिथे घर उरले नसले, तरी विजापूर रस्त्यालगत वडिलांच्या एका स्नेह्यांचे शेत आहे आणि त्यांच्या बांधावर गाडी लावायला कोणाची हरकत नव्हती.

घरातला सण गाडीत आणायचा म्हटला की जिन्नसांचा कस लागतो. फिरत्या संसारात पदार्थाची चव नंतर पाहावी, आधी गतिरोधकावर तो कसा वागतो ते पाहावे. शंकरपाळे कितीही आदळले तरी तक्रार करत नाहीत. चकलीचा दोन दिवसांत चुरा होतो. करंजी सर्वांत नाजूक. तिची कड जरा सैल राहिली, की डब्याच्या तळाशी सारण आणि वर रिकाम्या पाऱ्या अशी फारकत होते. म्हणून करंज्या मुक्कामी पोचल्यावरच करायच्या, आणि त्याही गाडीबाहेर, कारण बंद गाडीत तळण काढले तर पुढे आठवडाभर अंथरुणालाही तेलाचा वास येतो. बाहेर वारा असतो. छोट्या सिलिंडरच्या शेगडीभोवती पत्र्याचा आडोसा करून यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि मी तळले. केक कुकरमध्ये होतो : तळाला मिठाचा थर, त्यावर जाळी, झाकणाची शिट्टी आणि रिंग काढलेली, आच मंद आणि पाऊण तास झाकण न उघडण्याचा संयम. माझ्या मते हा संयम मुलांना बेकरीच्या केकमधून शिकवता येत नाही. बाकी जेवणाची चिंता सोलापुरात कोणी करू नये. कडक भाकरी महिनाभर टिकते, शेंगाचटणीला शीतकपाट लागत नाही, आणि डिसेंबरच्या रात्री पाऱ्याने आपटी खाल्ली तर सोलापुरी चादर आहेच.

खरी अडचण ताटांची होती. शेजारच नसेल तर फराळ द्यायचा कोणाला? पण ऊसतोडीच्या हंगामात सोलापूर जिल्ह्यातला रस्ता कधी एकटा नसतो. बांधापलीकडच्या फडात बीडकडच्या टोळीच्या कोपी पडल्या होत्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल आणि ती फिटेपर्यंत पाचटाच्या घरात संसार. दसऱ्यानंतर निघालेल्या या कुटुंबांची दिवाळी दर वर्षी अशी उघड्या रानातच होते. आम्ही हौसेने चाकांवर राहायला आलो होतो आणि त्याचे कौतुकही करून घेत होतो. त्यांना कोणी हौस विचारलेली नव्हती. मुलांनी ताट नेऊन दिले. संध्याकाळी ते परत आले, तेव्हा त्यात बाजरीच्या दोन भाकरी आणि मिरचीचा ठेचा होता. रिकामे ताट परत करायचे नाही, हा रिवाज कोपीतही कसोशीने पाळला जातो. ताट घेऊन आलेल्या मुलीने केक हुंगून पाहिला आणि ‘अंडं हाय का?’ एवढेच विचारून तो खाल्ला.

रात्री मुलांना लूकच्या शुभवर्तमानातला जन्मवृत्तान्त वाचून दाखवला. नावनिशीसाठी योसेफ गरोदर मरीयेला घेऊन नासरेथहून बेथलेहेमला निघतो, उतारशाळेत जागा मिळत नाही आणि बाळाला गव्हाणीत निजवावे लागते. ते अंतर शंभर किलोमीटरहून अधिक, म्हणजे सोलापूरहून विजापूर गाठण्याइतके. पुढे मत्तयाच्या वृत्तान्तात तर हेरोद राजाच्या भीतीने हेच कुटुंब थेट मिसर देशाची वाट धरते. घरात बसून वाचताना आम्ही हा प्रवास भराभर उरकत असू आणि गव्हाणीपाशी रेंगाळत असू. या खेपेला धाकट्याने मध्येच थांबवून विचारले, की वाटेत ते पाणी कुठे भरत होते? पाण्याचे कॅन भरायला रोज पेट्रोल पंप शोधणाऱ्या मुलालाच हा प्रश्न पडणार.

चांदणीने मात्र घोटाळा केला. गाडीच्या मागच्या शिडीला कागदी चांदणी बांधून आत दिवा लावला होता. दहाच्या सुमारास एक मालट्रक बाजूला थांबला आणि चालकाने खिडकीतून कानडी वळणाच्या हिंदीत ‘खाना मिलेगा क्या?’ असे विचारले. हमरस्त्याच्या कडेला रात्री लाल दिवा टांगलेला असेल तर तिथे ढाबाच असणार, हा त्याचा हिशेब चुकीचा म्हणता येत नव्हता. तो नि त्याचा क्लीनर कडक भाकरी, शेंगाचटणी, दही आणि करंज्या खाऊन उठले. पैसे घेत नाही म्हटल्यावर त्याला आमच्या धंद्याची काळजी वाटली असावी, कारण जाताना त्याने चांदणी आणखी उंच बांधण्याचा सल्ला दिला. वळणावरून ती नीट दिसत नव्हती म्हणे.

सकाळच्या उपासनेला शहरात गेलो. ख्रिस्तमंदिराच्या फाटकातून आमची उंच गाडी आत जाईना, म्हणून ती बाहेरच लावली. पेटी-तबल्यावर भजने झाली, संदेश झाला, आणि शेवटी पाळकसाहेबांनी सूचना वाचताना ज्यांची पांढरी गाडी रस्त्यात आहे त्यांनी ती कृपया काढावी, असे सांगितले. हे उठून गेले. गाडीला जागा शोधून ते परत येईपर्यंत केकवाटप संपले होते, आणि ओळखीच्या एक मावशी मला विचारत होत्या, ‘हल्ली राहता कुठे गं तुम्ही?’