कोरडं अंग

मे महिन्यात दुपारी कॅज्युअल्टीला बेशुद्ध माणूस आला की मी आधी त्याच्या काखेत हात घालते. याची काख तव्यासारखी तापलेली होती आणि ठणठणीत कोरडी. बाहेर ४५ अंश, माणूस सकाळपासून स्लॅबवर सेंट्रिंगच्या कामावर, आणि घामाचा टिपूस नाही.

"सकाळपासून अंग तापून राह्यलं जी मॅडम," बायको म्हणाली. "दोन गोळ्या देल्या तापाच्या, तरी उतरून नाही राह्यलं."

काखेतलं थर्मामीटर अशा वेळी फसवतं, म्हणून गुदद्वारातून तापमान घेतलं. ४१.८.

तापाची गोळी इथे चालत नाही, हे कितीदा सांगायचं? तापात मेंदूतला हायपोथॅलॅमस स्वतःच ३७ची खूण वर सरकवतो, गोळी ती खाली आणते. उष्माघातात खूण ३७वरच असते. मेंदू ओरडत असतो, घाम काढा, कातडीकडे रक्त पाठवा. हवा अंगापेक्षा गरम असली की उष्णता बाहेर टाकायला घामाशिवाय दुसरी वाट उरत नाही. आपला कूलर तसाच चालतो. गवत वाळलं की पंखा नुसती आग फेकतो.

पण याचं गवत वाळलं कशानं? बायकोच्या पिशवीत उत्तर होतं. डोक्याच्या आजाराच्या गोळ्या, आणि सोबत ट्रायहेक्सिफेनिडिल. पहिल्या गोळ्यांनी हातपाय ताठ होतात म्हणून ही देतात. घामाच्या ग्रंथींना मेंदूचा हुकूम पोचवतं ते ॲसिटिलकोलीन, आणि ही गोळी नेमकं तेच अडवते. मेंदू शाबूत, ग्रंथी शाबूत, मधली तार तुटलेली.

कपडे काढले, मानेत-काखेत-जांघेत बर्फ, अंगावर पाण्याचा फवारा, दोन्ही पंखे त्याच्यावर. आमचा वॉर्डबॉय बर्फाच्या लाद्या फोडण्यात कुणालाही ऐकणार नाही, त्या दिवशी अर्धा जीव त्यानंच वाचवला. तेवढ्यात रुग्ण थडथडायला लागला. कातडी गार पडली की शरीर कापून उष्णता तयार करतं, आतून भाजत असतानासुद्धा. मिडाझोलाम देऊन ते थांबवलं. ३९ला बर्फ काढला, कारण पारा त्यानंतरही उतरत राहतो आणि माणूस उलटा गारठतो. चाळीस मिनिटं लागली.

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःचं नाव सांगितलं. यकृताचे आकडे मात्र अजून चढताहेत.

रात्री त्याचा जुना कागद सापडला. फेब्रुवारीत पायाला खिळा लागला म्हणून तो आला होता. गोळ्यांची यादी माझ्याच अक्षरात, खाली 'सुरू ठेवाव्यात'. उन्हाबद्दल एक ओळ नाही. मानसोपचाराच्या ओपीडीच्या कागदावरही नाही, पण तो कागद माझा नव्हता.

सकाळी राउंडला त्याच्या बायकोनं तीच ट्रायहेक्सिफेनिडिलची पट्टी पुढे केली. "मॅडम, आज हे गोळी देऊ का नोको?"

अचानक बंद केली तर हातपाय पुन्हा ताठ होण्याची भीती. मी पट्टी हातात घेतली आणि म्हटलं, "थांबा ताई, विचारून सांगते."