पुणे ते चिपी : नकाशावर २९० किलोमीटर, दारापासून दारापर्यंत किती?

सिंधुदुर्गात, चिपी विमानतळाच्या बाजूला, परुळ्याजवळ आमचं गाव. इतकी वर्षं पुण्यातून जायचं म्हणजे रात्रीची बस, कोल्हापूर, मग घाटातली वळणं आणि सकाळी आंबलेल्या अंगाने कुडाळला उतरायचं, दहा-अकरा तास धरूनच चालायचे. डिसेंबरात गावच्या जत्रेला या वेळी मी विमानाने गेलो.

लोहगाव, म्हणजे पुण्याचा विमानतळ, ते चिपी सरळ रेषेत अंतर साधारण २९० किलोमीटर. एटीआर-७२ म्हणजे पंख्यांचं विमान, वेग ताशी ५०० च्या आसपास, म्हणजे हिशोबाने पस्तीस-चाळीस मिनिटं, पण धावपट्टीपर्यंत सरकत जाणं, वर चढणं, उतरताना वळसा घेऊन रांगेत येणं हे सगळं धरून तास-सव्वा तास लागतोच. इतक्या कमी अंतराला मोठ्या जेटपेक्षा हेच विमान परवडतं, कारण इंधन कमी लागतं.

मागच्या दाराने चढलो, उजवीकडची खिडकी मागून घेतली होती. पंख वर असल्यामुळे खाली काही आडवं येत नाही, तुम्ही जाल तेव्हा नक्की उजवीकडेच बसा! कोयनेचं पाणी दिसलं, डोंगरांच्या बेचक्यांत निळ्या बोटांसारखं पसरलेलं, आणि मग सह्याद्रीचा कडा एकदम संपून खाली कोकण. ज्या घाटात आईला दर वेळी उलटी व्हायची तो वरून दोन मिनिटांत मागे पडला, मला भरूनच आलं. उतरताना कर्लीची खाडी आणि समुद्र यांच्यामधली देवबागची चिंचोळी पट्टी दिसली, माडांची, अगदी करदोड्याएवढी.

चिपीचा विमानतळ सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर आहे, ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, धावपट्टी अडीच किलोमीटरची. बाहेर आलं की लाल जांभा आणि वाळलेलं गवत. रिक्षावाल्या काकांनी विचारलं, "खयसून इलात?" पुण्याहून म्हटल्यावर म्हणाले, "मगे सकाळचो चाय थयच घेतलात काय?" खरंच तिथेच घेतला होता.

आता खरा हिशोब. कोथरूड ते लोहगाव दीड तास, विमानतळावर दीड तास आधी, विमान एक तास पाच मिनिटं, सामान आणि रिक्षा मिळून चाळीस. एकूण पावणेपाच तास. गेल्या पावसात मात्र ढग खाली आले म्हणून हीच फ्लाइट रद्द झाली होती आणि मला शेवटी बसच पकडावी लागली, तेव्हा पावसाळ्यात लग्न-बिग्न असेल तर एक दिवस हातात ठेवूनच तिकीट काढा.

अंगणात आई तांदूळ पाखडत होती, सूप तसंच हातात धरून म्हणाली, "इतक्या बेगीन कसो इलस रे?" त्या रात्री पहिल्यांदाच दशावतार पहाटेपर्यंत जागून बघितला, झोप न येता, तिच्या शेजारी बसून.